काकूंचं आरमार

दिवाळी आली की भोरातल्या पोरांना माती पुरत नसे. दर अंगणात किल्ला उभा राहायचा. कुणाचा राजगड, कुणाचा तोरणा, कुणाचा घराजवळचा म्हणून रोहिडा. खरे किल्ले डोळ्यांसमोर असल्यामुळे तिथे थापा चालत नसत. बालेकिल्ला जरा डावीकडे सरकला तरी रस्त्याने जाणारा एखादा म्हातारा थांबून पोरांना फैलावर घ्यायचा. अशा गावात माझ्या घरमालकीणबाई दर दिवाळीला समुद्र करीत आणि त्यात आपलं आरमार उतरवीत.

मी पुण्याला नर्सिंग शिकून भोरच्या दवाखान्यात लागले तेव्हा संस्थान विलीन व्हायला बरीच वर्षं होती. एकट्या नर्सला खोली द्यायला गावात कुणी तयार होईना. नर्स म्हणजे कुणाच्याही घरी जाणार, कुणालाही शिवणार, वेळी-अवेळी येणार. जिथे जावं तिथे आधी चहा मिळायचा आणि मग नकार. शेवटी काकू तयार झाल्या. सगळी गल्ली त्यांना काकूच म्हणत असे. चाळिशी उलटलेली, अंगावर विधवेचं तांबडं आलवण, हात सुताराच्या हातांसारखे राठ. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्यांनी अटी सांगितल्या. "सोवळ्या-ओवळ्याचं मी तुला काही विचारणार नाही. पण मागच्या अंगणात त्या तिकडच्या बाजूला धुण्याचं पाणी ओतायचं नाही. तिथं समुद्र असतो."

मी पाहिलं. तिथे एक उथळ कोरडा खड्डा होता आणि त्यात शेजारची कोंबडी धूळ उडवत बसली होती. मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, चला, दवाखान्यातून सुटून आलं तरी एक पेशंट घरी आहेच.

त्यांच्या घराची रचना सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावरूनच झालं. पुढची बाजू त्यांच्या धाकट्या दिरांची, आप्पांची. पुढचं अंगणही त्यांचंच. मागच्या दोन खोल्या, मागचं अंगण आणि उत्रोलीचं एक भातखाचर काकूंच्या नवऱ्याच्या वाट्याचं, म्हणून काकूंच्या हयातीपुरतं त्यांचं. दोन खोल्यांपैकी एकीत त्या राहत, दुसरी मला दिली होती. खाचर सोनाबाई नावाची कुळाची बाई करीत असे. काकूंचं सगळं राज्य ते एवढंच.

आप्पा म्हणजे गल्लीतले किल्ल्यांचे जाणकार. दर दिवाळीला पुढच्या अंगणात त्यांच्या देखरेखीखाली तोरणा उभा राही. वयाने आजोबा झाले तरी धोतर खोचून चिखलात बसत. महाराजांची मूर्ती बसवली की त्या किल्ल्यासमोर वहाणा घालून फिरकत नसत, दुसऱ्यालाही फिरकू देत नसत. माणूस वाईट नव्हता. फक्त घरात माणसं वाढत होती आणि वहिनींच्या ताब्यातल्या दोन खोल्या त्यांना दिवसरात्र दिसत होत्या.

काकूंना विचारलं, "समुद्र पाहिलाय का हो तुम्ही कधी?" तर त्या म्हणायच्या, "ह्या समुद्राला तो समुद्र लागत नाही." एवढ्यावर विषय संपायचा. जास्त विचारलं तर, "शीड वर का खाली ते सांग," म्हणायच्या. म्हणजे काय ते एकदा ठरव आणि माझा वेळ खाऊ नकोस. हे वाक्य त्या भाजीवालीलाही ऐकवत. भाजीवाली बिचारी घाबरून कोथिंबीर जास्त घालायची.

वाऱ्यांची नावं त्यांची स्वतःची होती. पश्चिमेकडून आला तो तोरण्या. रायरेश्वराच्या अंगाने आला तो रायरी. उत्रोलीकडून भाताचा वास घेऊन यायचा त्याला त्या 'घरचा' म्हणत, आणि घरच्या वाऱ्यावर भरवसा ठेवू नये असं त्यांचं मत होतं. सकाळी दात घासून झाले की ओलं बोट वर धरून उभ्या राहायच्या. त्यांचा अंदाज चुकला असं मला आठवत नाही, पण मला वाऱ्यातलं काय कळतं.

नवरात्र सरलं की त्यांची सुतारकी सुरू होई. जहाजांची धडं पांगाऱ्याच्या लाकडाची, कारण ते हलकं. डोलकाठ्या कारवीच्या. सोनाबाई त्या वेल्ह्याकडच्या आपल्या बहिणीकडून मागवायची. दोऱ्या घायपाताच्या वाखाच्या, मांडीवर वळलेल्या. आणि शिडं नवऱ्याच्या धोतरांची. तांदळाची खळ देऊन ती अशी कडक करीत की बोटाने टिचकी मारली तर वाजावीत. गेलेल्या माणसाची धोतरं अशी फाडलेली पाहून शेजारणी कानांवर हात ठेवायच्या. काकू म्हणायच्या, "ट्रंकेत ठेवून कसर लागली असती. आता बघ, माणूस कुठं कुठं फिरतोय."

समुद्राचं काम त्याहून अवघड. सोनाबाई खाचरातली काळी चिकणमाती पाट्या भरभरून आणायची. त्यात चिरलेला पेंढा मिसळून दोघी पायांनी तुडवायच्या आणि खड्ड्याला आतून लिंपायच्या, म्हणजे पाणी मुरत नसे. मग नीरेवरून घागरी. पहिल्या वर्षी मी खोलीत बसून राहिले. दुसऱ्या वर्षापासून मीही घागर उचलली.

"काकू, आवंदा पानी लई लागंल वो," सोनाबाई म्हणायची. "खड्डा गेल्या साली एवढा नव्हता."

"आप्पांनी गडाला माती जास्त नेली. त्यांचा गड वाढला की माझा समुद्र वाढतो."

हे खरं होतं. पुढच्या किल्ल्याची माती वर्षानुवर्षं ह्या मागच्या खड्ड्यातूनच जात होती. हे सगळं सुरू कसं झालं ते काकूंनी मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडता निवडता. नवरा गेला त्याच्या पुढच्याच दिवाळीला पुढे किल्ला चालला होता. काकू तेव्हा अगदी लहान वयाच्या. किल्ल्यावर पेरायला म्हणून भिजवलेला हळीव वाटीत घेऊन गेल्या. सासूबाईंनी वाटेतच थांबवलं. महाराज बसायचेत, तू हात लावू नकोस. रागाने नाही, समजुतीने म्हणाल्या. काकू मागे येऊन त्या खड्ड्याच्या काठावर बसल्या. अवेळी पाऊस पडून गेला होता, खड्ड्यात पाणी होतं आणि त्यात एक करवंटी तरंगत होती.

"ती करवंटी वाऱ्यानं पलीकडच्या टोकाला गेली आणि तिथंच अडकून बसली. म्हटलं, ही आता कुणाला भेटायला गेली असेल? मग काय, मागोमाग जावं लागलं."

करवंटी जिथे गेली तो पलीकडचा मुलूख. त्याचं नाव काकूंनी तेवढंच ठेवलं होतं. त्या मुलखात जमीन नाही. आहे ते सगळं पाणी आणि त्यावर गावाएवढी जहाजं. प्रत्येक जहाजावर शंभर घरांची वस्ती, देऊळ, मंगळवारचा बाजार, डेकावर भाताचे वाफे. माती तिथे इतकी दुर्मिळ की मुलीला सासरी पाठवताना घमेलंभर माती बरोबर देतात, आणि ती आयुष्यभर तीत काहीतरी लावते. लग्नं ठरतात ती दोन जहाजं समोरासमोर आली की. जहाजं बाजूला बाजू लावून उभी राहतात, फळी टाकतात, नवरी फळीवरून चालत जाते आणि मग फळी काढून घेतात. माहेर परत कधी दिसेल ते वाऱ्यावर. शीड कुणा एकाने विणायचं नाही. दर घराने एक पट्टा विणायचा. कुणाचा पट्टा फाटला ते वर पाहिलं की सगळ्यांना दिसतं, पण बोलायचं नाही, आपापली सुई घेऊन जायचं.

जहाजांना नावं होती. माहेरवाशीण, अबोली, खाष्ट आणि सर्वांत मोठी ती थोरली. थोरली खाटेएवढी लांब होती. ती उचलायला आम्ही तिघी लागायचो.

गल्लीतली पोरं पुढच्या अंगणात किल्ला बघायची आणि मागच्या अंगणात येऊन बसायची. काकू गोष्ट सांगत नसत. त्या बातमी सांगत. "काल तोरण्या सुटला. खाष्टची एक डोलकाठी गेली. अबोलीनं दोर टाकला, पण खाष्टवाल्यांनी घेतला नाही. मोडेन पण वाकणार नाही असली माणसं आहेत ती." पोरं हळहळायची. एकदा एका पोराने किल्ल्यावरचा मातीचा मावळा, ढाल-तलवारीसकट, थोरलीवर आणून उभा केला. काकूंनी त्याची कसून चौकशी केली. कुठून आलास, पोहता येतं का, भात लावता येतो का. पोराला मावळ्याच्या वतीने उत्तरं द्यावी लागली. शेवटी त्याला ठेवून घेतलं, पण तलवार चिखलात रोवून दोर धरायला लावलं. दुसऱ्या एका वर्षी वारा पडलेला पाहून पोरांनी सुपाने वारा घातला आणि जहाजं हलवली. तेव्हा काकू भयंकर चिडल्या. "असं लबाडीनं जाऊन पोचलं तर तिथली माणसं पाणीसुद्धा विचारणार नाहीत." सूप जप्त झालं. ते परत मिळवण्यासाठी त्या पोरांच्या आयांना रदबदली करावी लागली.

हे सगळं मी पहिल्या वर्षी गंमत म्हणून बघत होते, जरा नाक वर करूनच. मी शिकलेली होते आणि मला ते ठाऊकही होतं. मग एकदा जवळच्या खेड्यात अडलेल्या बाळंतिणीकडे बैलगाडीने जावं लागलं. बाई वाचली, मूल गेलं. माझ्या हातून गेलेलं ते पहिलं मूल. दुपारी घरी आले आणि ओसरीवर नुसती बसून राहिले. काकूंनी पाणी दिलं. देवाची इच्छा वगैरे काही म्हणाल्या नाहीत. फक्त विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

त्या आत गेल्या. थोड्या वेळाने बाहेर आल्या, तेव्हा हातात कापसाच्या गादीचा बोटाएवढा पाळणा होता. दिवाळीला अवकाश होता, थोरली माळ्यावर होती. काकू शिडीवर चढल्या आणि तिच्यावर तो पाळणा बांधून आल्या. "पोचली," म्हणाल्या. मी शिकलेली बाई, आणि त्या एका शब्दाने मला रडू फुटलं. मी त्यानंतर त्या जहाजांना कधी हसले नाही, आणि माझ्यासमोर कुणी हसलं तर त्याची खैर नसे.

आप्पांच्या धाकट्या मुलाचं लग्न ठरलं त्या वर्षीची गोष्ट. आप्पांनी संस्थानच्या कोर्टात अर्ज दिला. आमच्या वहिनींचं डोकं ठिकाणावर नाही, नसलेल्या देशाच्या गोष्टी त्या खऱ्या म्हणून सांगतात, सबब त्यांच्या मिळकतीचा कारभार माझ्याकडे द्यावा. एवढं मंजूर झालं असतं तर काकूंचं काय होणार ते गल्लीला माहीत होतं. दोन्ही खोल्या जाणार, पुढच्या स्वयंपाकघरामागे एक अंधारी जागा मिळणार, खाचर आप्पा कसणार, सोनाबाई जाणार, मी जाणार. मागचं अंगण बुजवून तिथे नव्या सुनेसाठी खोली चढणार होती. आप्पांनी गवंड्यालाही बोलावून ठेवलं होतं.

ते मला भेटायला दवाखान्यात आले. खुर्चीच्या कडेवर बसले.

"तुम्ही नर्स. तुमच्या शब्दाला वजन आहे. रोज पाहता तुम्ही. एवढंच सांगायचं की बाई भ्रमिष्ट आहे."

"आप्पा, भ्रमिष्ट बाया मी पाहिल्यात," मी म्हटलं. "त्यांना चूल पेटवायची आठवण राहत नाही. काकूंना तुम्ही पाच वर्षांपूर्वी नेलेली पहार अजून आठवते."

"म्हणजे तुम्ही सांगणार नाही?"

"सांगेन की. तुमच्या विरुद्ध सांगेन. उठा, मागे बायका खोळंबल्यात."

आप्पा उठून गेले. पण कोर्टात मी काय सांगणार होते? त्या पलीकडच्या मुलखाच्या बातम्या देतात हे खोटं नव्हतं. मला कुणी देवाशपथ विचारलं असतं तर मी अडकले असते.

सगळ्यांनी काकूंना एकच सल्ला दिला. एवढं वर्ष समुद्र करू नका. सोनाबाई तर हात जोडून म्हणाली, "काकू, येक साल ऱ्हाऊ द्या की वो. जहाजं कुठं पळून जात न्हाईत. खाचर गेलं तर आमी काय खावं?" मीही तेच सांगितलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि सोनाबाईला माती आणायला सांगितली. सोनाबाई डोळे पुसत पाटी घेऊन गेली. त्या वर्षीचा समुद्र आजवरचा सर्वांत मोठा झाला, अगदी मागच्या दारापर्यंत. आणि थोरलीचं मधलं शीड बदललं. नवऱ्याचं धोतर काढून काकूंनी आपलं नवं, न नेसलेलं आलवण कापलं. त्या सगळ्या पांढऱ्या शिडांत ते एक शीड तांबडं होतं.

कोर्टाला दिवाळीची सुट्टी होती, पण आप्पांनी मुनसफसाहेबांना गळ घातली. पुरावा सध्या मांडलेला आहे, पाणी आटल्यावर काय बघणार, जागेवर येऊन पाहणी करा. मुनसफ नरकचतुर्दशीला सकाळी आले. उंच, सडपातळ, पाठीत किंचित वाकलेले गृहस्थ. पुढच्या अंगणात तोरण्यापाशी थांबले, बिनी दरवाजा कुठे काढलाय ते वाकून पाहिलं, "छान साधलंय," म्हणाले आणि आप्पांच्या मागोमाग मागे आले. गल्ली आमच्या कुंपणाला लटकली होती. पोरं समुद्राच्या काठाने बसली होती. नव्या कपड्यांतली, उटण्याचा वास येणारी. त्यांना सगळं कळलं होतं.

मुनसफ मागच्या दारात उभे राहिले. मग त्यांनी काकूंना विचारायला सुरुवात केली. आज वार कोणता, तिथी कोणती. काकूंनी सांगितली. यजमान जाऊन किती काळ झाला. सांगितला. उत्रोलीच्या खाचरात यंदा काय आहे.

"आंबेमोहर. कापणी अर्ध्यावर आहे. ही सोनाबाई ते टाकून इथं उभी आहे, तेव्हा साहेबांनी जरा लवकर आटपलं तर बरं."

मुनसफांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पण आप्पांनी कोपराने खूण केली आणि मग तो प्रश्न आला.

"बाई, ह्या मुलांना तुम्ही एका मुलखाच्या बातम्या सांगता म्हणे. हा मुलूख कुठं आहे?"

मी त्याच दिवशी पहाटे, अभ्यंगस्नानाच्या वेळी, त्यांना बजावलं होतं, म्हणा की पोरांसाठी खेळ आहे. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. आता सगळी पोरं त्यांच्याकडे पाहत होती. कुठेच नाही म्हणाल्या असत्या तर घर वाचलं असतं. आहे म्हणाल्या असत्या तर गेलं असतं.

"इथंच आहे," काकू म्हणाल्या. "माझ्या अंगणात. माती उत्रोलीची, पाणी नीरेचं, लाकूड पांगाऱ्याचं. हवं तर मोजून घ्या. बाकीचं माझ्या डोक्यातलं आहे. ते मोजून द्यायला मी बांधील नाही."

कुंपणावर कुणीतरी हसलं. मुनसफ हसले नाहीत. ते भले गृहस्थ होते, आणि त्यांनी काकूंना सरळ वाट काढून दिली. "म्हणजे हे खरं नाही, हे तुम्हाला मान्य आहे. एवढं म्हणा, म्हणजे संपलं."

"असं मी म्हटलेलं नाही."

"ऐकलंत?" आप्पा म्हणाले. "ऐकलंत साहेब?"

काकूंनी आप्पांकडे पाहिलंसुद्धा नाही. "साहेब, पुढचा गड पाहिलात ना? कोणता वाटला?"

"तोरणा."

"तोरणा तर तिकडं वेल्ह्याला उभा आहे. माळावर गेलात तर इथनंही दिसेल. मग पुढं आहे तो काय? मातीचा ढीग आहे, माती माझ्या ह्याच खड्ड्यातली." आता त्या दिरांकडे वळल्या. "भाऊजी, त्या ढिगावर जरा पाय देऊन दाखवा. माती तर आहे. द्या पाय, मी ह्याच पावली वेडी व्हायला तयार आहे."

आप्पांनी मान खाली घातली. ते अनवाणीच होते. पुढच्या अंगणातून येताना त्यांनी सवयीने वहाणा काढल्या होत्या, आणि आता सगळे त्यांच्या पायांकडे बघत होते. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, भीती होती. कुणी त्यांना खरंच तसं करायला लावेल अशी. ते जागचे हलले नाहीत.

"नाहीच द्यायचा," काकू म्हणाल्या, आणि आवाज एकदम मऊ झाला. "मीही देणार नाही. त्याला कुणी वेड म्हणत नाही, आणि म्हणू नयेच."

तिथे उभी असताना मला जो अभिमान वाटला तो पुढे कशाचाच वाटला नाही, माझ्या स्वतःच्या कशाचाही नाही. ह्या बाईच्या घरात मी राहते, हिने मला खोली दिली, हे ओरडून सांगावंसं वाटत होतं.

कोट सावरून मुनसफ पाण्याच्या काठाशी उकिडवे बसले, पोरांच्या रांगेत. एका पोराने सरकून जागा दिली. त्यांनी थोरलीकडे बोट केलं. "हे एकच शीड तांबडं का?"

"ती थोरली. तिचं सुकाणू बाईच्या हाती असतं. ज्या बाईचा नवरा समुद्रानं नेला तिच्या. त्या मुलखात अशा बाईला आत बसवत नाहीत. पुढं उभी करतात. जे जायचं ते तिचं गेलेलं असतं, ती वाऱ्याला भीत नाही. मग सगळं जहाज तिच्यावर टाकून लोक निवांत झोपतात." हे मीही पहिल्यांदाच ऐकत होते. पोरांनी कधी विचारलं नव्हतं आणि काकूंनी कधी सांगितलं नव्हतं. काठावर बायका होत्या, त्यांच्यात तांबड्या पदराच्या दोघी-तिघी होत्या. एकीने पदर डोळ्यांना लावला.

मुनसफ गुडघ्यावर हात टेकून उठले. "आप्पा, अर्ज मागे घ्या," ते म्हणाले. "नाहीतर मी तो काढून टाकीन आणि कारणं लिहीन. ती तुम्हाला आवडणार नाहीत. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत. घर त्यांचं, अंगण त्यांचं, खाचर त्यांचं. अंगणात त्यांनी काय ठेवावं तो त्यांचा प्रश्न आहे."

"व्हय, त्येंचाच हाय," सोनाबाई मोठ्याने म्हणाली आणि मग लाजून माझ्यामागे लपली.

आता साहेब फराळाला थांबतील, नाही म्हणतील, जातील आणि सगळं आटोपेल, असं मला वाटलं. पण दारातून वळून त्यांनी काकूंना विचारलं, "हे किती दिवस असतं? घरच्या मंडळींना दाखवावं म्हणतो." आप्पा अजून तिथेच होते. त्यांनी मान वर केली. मी मनातल्या मनात काकूंना विनवत होते, म्हणा तुळशीच्या लग्नापर्यंत, आणि गप्प बसा.

काकूंनी पदर सावरला. बोट ओलं केलं, वर धरलं. सगळ्यांसमोर, कोर्टासमोर, दिरासमोर.

"पाडव्याला आणा," त्या म्हणाल्या. "उशीर करू नका. भाऊबीजेला तोरण्या सुटेल आणि आरमार निघेल. मी थोरलीवर असते. मग काही आपली भेट व्हायची नाही."

मुनसफांनी आप्पांकडे पाहिलं, पोरांकडे पाहिलं. मग डोक्यावरची पगडी नीट केली आणि लांबच्या प्रवासाला निघालेल्या माणसाला करावा तसा काकूंना वाकून नमस्कार केला.

"जाऊन या, बाई," ते म्हणाले.